मेल्टडाऊनमागचे न दिसणारे कारण कसे शोधावे : स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या नव्या पालकांसाठी

आमचा मुलगा पाच वर्षांचा असताना अंघोळीवरून घरात आठवड्यातून तीन-चार वेळा आकांत होत असे. उरलेल्या दिवशी तोच मुलगा हसत न्हाणीघरात शिरायचा. पाणी जास्त गरम असेल म्हणून आम्ही ते कोमट केले, साबण बदलला, टॉवेल बदलला, अंघोळीची वेळ बदलली, आणि काहीच जमेना तेव्हा ‘याला अंघोळच आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे झालो. एका संध्याकाळी रडून थकल्यावर तो चवड्यांवर उभा राहिला, त्याने तळहाताने आरशावरची वाफ पुसली, पुसलेल्या पट्ट्यात स्वतःचा चेहरा दिसल्यावर एक मोठा श्वास सोडला आणि आपणहून नळाजवळ जाऊन उभा राहिला. त्याच्याआधी घरातल्या कोणी गरम पाण्याने अंघोळ केली असेल, त्या दिवशी आरसा धुरकट झालेला असे. ज्या आरशात तो रोज दिसायचा, त्यात त्या दिवशी तो नसायचा.

हे कळायला आम्हाला सात महिने लागले. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून, ज्या क्रमाने शोधले असते तर आमचे काम लवकर झाले असते, त्या क्रमाने पुढच्या पायऱ्या मांडल्या आहेत. मी डॉक्टर नाही आणि थेरपिस्टही नाही. त्यामुळे उपचारांविषयी येथे काही सांगितलेले नाही. मेल्टडाऊनचे, म्हणजे ताबा सुटून होणाऱ्या अशा आकांताचे, कारण कसे शोधावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सुरुवातीला जवळ काय असावे

- एक साधी वही आणि तिला दोऱ्याने बांधलेले पेन. मोबाइलमध्येही नोंद करता येते, पण अशा वेळी मोबाइल हातात घेतला की मुलाचे लक्ष तिकडे जाते आणि कित्येकदा तेच नवे निमित्त ठरते.
- सेकंदकाटा असलेले किंवा आकडे दाखवणारे घड्याळ. अंदाजाने लिहिलेली वेळ पुढे फारशी उपयोगी पडत नाही.
- झोप, शौच आणि जेवण यांची किमान दोन आठवड्यांची नोंद.
- चालू औषधांची यादी. प्रत्येक औषध कधी सुरू झाले आणि त्याची मात्रा कधी बदलली, त्या तारखांसह.
- निदानाचा अहवाल, श्रवणचाचणी आणि नेत्रतपासणी यांचे अहवाल, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) संवेदनांविषयी काही लेखी दिले असल्यास तो कागद.
- शाळेचे वेळापत्रक, त्यात झालेल्या बदलांसह.

१. हट्ट आणि मेल्टडाऊन यांतला फरक आधी समजून घ्या

हट्टाला हेतू असतो. मूल रडता रडता आपल्याकडे बघते, आपण खोलीबाहेर गेलो तर आवाज कमी होतो, आणि हवी ती वस्तू मिळाली की प्रकरण मिटते. मेल्टडाऊनमध्ये मुलाचा स्वतःवरचा ताबाच सुटलेला असतो. मागितलेली वस्तू हातात दिली तरी ते थांबत नाही, कोणी बघत आहे की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नसते, आणि सगळे शांत झाल्यावर ते गळून जाते, झोपते किंवा बराच वेळ बोलत नाही. काही मुले याच्या अगदी उलट वागतात. ती आवाज करत नाहीत, कोपऱ्यात जाऊन बसतात, हाक मारली तरी उत्तर देत नाहीत. याला शटडाऊन म्हणतात. तोही नोंदवायला हवा, कारण त्यामागची कारणे बहुधा तीच असतात. मूल गप्प असल्यामुळे आपल्याला सोयीचे वाटते, इतकेच.

नातेवाईक या टप्प्यावर हमखास सांगतात की मूल लक्ष वेधून घेण्यासाठी असे करते. त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. मात्र ते वाक्य वहीत कारण म्हणून लिहू नका, कारण ते एकदा लिहिले की पुढचा शोध थांबतो.

२. दुखणे नाही ना, याची आधी खात्री करून घ्या

बद्धकोष्ठता, दाढ किडणे, कानातला संसर्ग, छातीत जळजळ आणि अपुरी झोप ही कारणे स्वमग्न मुलांत वारंवार आढळतात आणि तितक्याच वारंवार नजरेतून सुटतात. यामागे एक विशेष अडचण आहे. भूक, तहान, लघवीची भावना, ताप, धडधड हे शरीराच्या आतले संदेश अनेक स्वमग्न मुलांना उशिरा कळतात किंवा नेमके ओळखता येत नाहीत. त्यामुळे उत्तम बोलणारे मूलही ‘पोट दुखते’ असे न सांगता ‘हा शर्ट वाईट आहे’ असे म्हणू शकते. आपण मग शर्ट बदलत बसतो.

मेल्टडाऊन अचानक वाढले असतील, रात्री झोपेतून उठून होत असतील, जेवणानंतर ठरावीक वेळाने होत असतील किंवा मूल शरीराचा एकच भाग सतत दाबत वा आपटत असेल, तर वही बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. मूल मधूनच एकटक बघत राहते, हाकेला प्रतिसाद देत नाही, आणि त्यानंतर गोंधळलेले दिसते, असे होत असल्यास डॉक्टरांना ते स्वतंत्रपणे सांगावे. स्वमग्न व्यक्तींमध्ये अपस्माराचे (फिट येण्याच्या आजाराचे) प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते.

३. नोंदी ठेवा, आणि शांत गेलेला दिवसही लिहा

वर्तनाचा अभ्यास करणारे लोक १९६० च्या दशकापासून तीन रकान्यांची पद्धत वापरत आले आहेत : आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय घडले. पद्धत चांगली आहे, पण घरी वापरताना तिच्यात दोन सुधारणा कराव्या लागतात.

पहिली सुधारणा म्हणजे ‘आधी’ या रकान्यात आपले तर्क न लिहिता केवळ दिसलेले आणि ऐकलेले लिहावे. ‘कंटाळला म्हणून रडला’ हा तर्क झाला. ‘सायं. ६.४०, खोलीत तीन माणसे, पंखा चालू, धाकटी बहीण शिंकली, मी उठून खिडकी लावली’ ही नोंद झाली. आपण स्वतः काय केले, कुठे उभे होतो, काय बोललो, हेही त्यात आले पाहिजे. बहुतेक पालकांच्या वहीत मूल असते, पण पालक नसतात. आमच्याही नव्हते.

दुसरी सुधारणा अधिक महत्त्वाची आहे. आम्ही सात महिने फक्त वाईट दिवस लिहीत होतो, आणि त्या प्रत्येक दिवशी पाणी होते, साबण होता, टॉवेल होता. म्हणून संशय त्यांच्यावरच जात राहिला. अंघोळ सुखाने झाली त्या दिवसांच्या नोंदी असत्या, तर त्याही दिवशी तेच पाणी आणि तोच साबण होता हे चटकन दिसले असते, आणि मग वेगळे काय होते याकडे आम्ही वळलो असतो. म्हणून ज्या प्रसंगी मेल्टडाऊन होते, तोच प्रसंग शांतपणे पार पडला तर तेव्हाही त्याच रकान्यांत तितकाच तपशील लिहावा. दोन्ही प्रकारच्या आठ-दहा नोंदी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कोणत्याही एका गोष्टीवर बोट ठेवू नये.

मेल्टडाऊन चालू असताना मात्र लिहू नये, प्रश्न विचारू नयेत आणि समजावूही नये. त्या वेळी जागा सुरक्षित करावी, दिवे आणि आवाज कमी करावेत, इतरांना बाहेर पाठवावे, आणि इजा होण्याचा धोका नसेल तर मुलाला धरून ठेवू नये. थेरपिस्टला दाखवण्यापुरते चित्रीकरण काही वेळा उपयोगी पडते. ते इतर कोणाला पाठवू नये. आपल्या सर्वांत असहाय क्षणांचे चित्रण आयुष्यभर फिरत राहावे, असे कोणालाच वाटणार नाही.

४. शेवटच्या मिनिटावर थांबू नका, मागचे काही तास वाचा

लाल पेला मिळाला नाही म्हणून मूल जमिनीवर लोळले, तर पेला हे कारण असेलच असे नाही. सकाळी शाळेत बसण्याची जागा बदलली, दुपारी गोंगाट झाला, परतताना नेहमीचा रस्ता बंद होता, आणि या सगळ्यात मुलाने स्वतःला कसेबसे आवरून धरले. दिवसभर साचलेली ही उधारी घरी, सुरक्षित वाटणाऱ्या माणसासमोर, एकदम वसूल होते. ‘शाळेत तर अगदी शहाण्यासारखा असतो, तुमच्याकडेच असे करतो’ हे वाक्य ज्यांना ऐकावे लागले आहे, त्यांनी ते आपल्या पालकत्वावरचा ठपका समजू नये. शाळेतला शहाणपणा त्याला किती महाग पडतो, याची ती पावती असू शकते.

यासाठी वहीत प्रत्येक नोंदीवर एक छोटी ओळ वाढवावी : रात्रीची झोप किती, शौच झाले का, दिवसात नेहमीपेक्षा वेगळे काय घडले. काही आठवड्यांनी असे दिसू लागते की तोच पेला काही दिवशी चालतो आणि झोप कमी झालेल्या दिवशी चालत नाही. मग पेल्यावर मेहनत घेण्यापेक्षा झोपेवर घेणे शहाणपणाचे.

५. मुलाच्या उंचीवर बसा आणि जे तुम्हाला जाणवत नाही ते शोधा

पालक एकमेकांना सांगतात ती सर्वांत चक्रावणारी कारणे बहुधा याच गटातली असतात, कारण ती मोठ्यांच्या इंद्रियांना जाणवतच नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांना मिळणारा तीव्र किंवा अतिशय मंद प्रतिसाद स्वमग्नतेच्या निकषांत घेतला. त्याआधी अनेक पालकांना हे नखरे वाटत आणि तसे सांगणारेही पुष्कळ भेटत.

कान. लहान मुलांना सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि वय वाढते तशी वरची पट्टी हरपत जाते. त्यामुळे चार्जरची बारीक शीळ किंवा उंदीर पळवण्यासाठी भिंतीत लावलेल्या यंत्राचा चिरका सूर मुलाला असह्य होत असेल आणि तुम्हाला खोली शांत वाटत असेल, हे सहज शक्य आहे. खोलीतली विजेची उपकरणे एकेक करून प्लगसकट काढून पाहणे हा सर्वांत सोपा प्रयोग आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहांतले हात वाळवण्याचे यंत्र हे असेच दुसरे निमित्त. कॅनडातील एका शाळकरी मुलीने मुलांच्या कानांच्या उंचीवर ही यंत्रे मोजली, आणि २०१९ साली बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधानुसार काही यंत्रांचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे गेला. यंत्राचे तोंड मोठ्यांच्या कमरेशी असते, म्हणजे मुलाच्या कानाशी.

डोळे. जुन्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. बहुतेकांना ते दिसत नाही, पण काहींना त्रास होतो. पंख्याखाली दिवा असल्यास छतावर फिरणाऱ्या सावल्या जमिनीवर पडून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाहीत. म्हणून मूल जिथे कोसळते, तिथेच, त्याच वेळी, त्याच्या उंचीवर दहा मिनिटे बसावे. हे करताना वेड्यासारखे वाटते. तरीही करावे.

नाक आणि त्वचा यांबाबत थोडक्यात सांगायचे तर कपडे धुण्याची पावडर, केसांचे तेल, नवा चष्मा, ओले केस, मोज्याची शिवण आणि कॉलरमागची पट्टी या गोष्टी तपासाव्यात. यांपैकी काही तुमच्या अंगावर असतात. मूल आईला ढकलते याचा अर्थ त्याला आई नको आहे असा होत नाही; तिचा नवा शाम्पू नको असेल.

एक विसंगती मात्र सर्वांना गोंधळात टाकते : कुकरच्या शिटीने कान झाकणारे मूल स्वतः ताटल्या बडवत तासभर खेळते. ही विसंगती नवी नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या निबंधात ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची ओळख करून दिली, त्यातच झोके, लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, वाहते पाणी, यांत्रिक खेळणी आणि कधीकधी नुसता वारा यांनीही मुले भयभीत होत, अशी यादी आहे. एक मूल तर व्हॅक्यूम क्लीनर ठेवलेल्या कपाटाजवळही जात नसे. आणि हीच मुले स्वतः तेवढाच मोठा आवाज आनंदाने करू शकतात, हेही कॅनर यांनी तिथेच नोंदवले आहे. बाहेरून आपल्यावर येऊन आदळणारा आवाज वेगळा आणि आपण सुरू करून आपणच थांबवणार तो वेगळा. म्हणून शक्य तिथे बटण मुलाच्या हाती द्यावे. आमच्याकडे मिक्सर तोच सुरू करतो, मोठ्याने ‘तीन, दोन, एक’ म्हणून, आणि त्यानंतर मिक्सरची एकही नोंद वहीत आलेली नाही.

६. आपले बोलणे तपासा

‘जरा थांब’ यातले ‘जरा’ म्हणजे किती, हे घड्याळ पाहणाऱ्या मुलाला कोणी सांगत नाही. ‘पाच मिनिटांत निघू’ असे म्हणून आपण नवव्या मिनिटाला चपला शोधत असतो, आणि त्याच्या दृष्टीने चार मिनिटांपूर्वीच जग मोडलेले असते. ‘बघू’ याचा अर्थ बहुधा ‘नाही’ असतो, हे आपल्याला ठाऊक असते. मूल मात्र खरोखर काय बघायचे आहे याची वाट पाहते. दारात उभे राहून आपण ‘येतो हं’ म्हणतो आणि चालते होतो. शब्दाला शब्द धरणाऱ्या मुलासाठी हे वाक्य आणि ते कृत्य एकमेकांच्या विरुद्ध आहेत. आमच्या मुलाच्या सकाळच्या रडण्यामागे हेच वाक्य होते, आणि ‘मी ऑफिसला जातो, घड्याळात सात वाजले की परत येईन’ असे बोलू लागल्यावर ते आठवडाभरात थांबले. ज्या दिवशी सात वाजता पोहोचणे शक्य नसेल, त्या दिवशी सात म्हणू नये.

मुलाला मध्येच तोडणे हाही याच घरातला प्रकार. स्वमग्नतेच्या अभ्यासक डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेल्या विचारानुसार स्वमग्न व्यक्तीचे लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण फार खोलवर गुंतलेले असते. तिथून अचानक ओढून काढणे तिला फार जड जाते. खेळण्यांची रांग लावत बसलेल्या मुलाला ‘चल, आटप’ म्हणणे आणि गाढ झोपेतल्या माणसाच्या अंगावरचे पांघरूण ओढणे यांत फारसा फरक नाही. आधी शेजारी बसावे, रांगेत एक वस्तू आपणही लावावी, किती वस्तूंनंतर उठायचे ते ठरवावे आणि मग उठावे.

७. आनंदाच्या प्रसंगांनाही संशयातून वगळू नका

टाळ्या, अचानक मिळालेली भेटवस्तू, सर्वांसमोर झालेले कौतुक, बरेच दिवस वाट पाहिलेली सहल : उत्तेजना सुखाची असली तरी ती उत्तेजनाच असते. कौतुक हळू आवाजात, एकट्यात करून पाहावे.

८. एका वेळी एकच गोष्ट बदला

संशयित सापडला की उत्साहाच्या भरात दिवा, कपडे, जागा आणि वेळ असे सगळे एकदम बदलण्याचा मोह होतो. त्यातून सुधारणा झाली तरी ती कशामुळे हे कळत नाही, आणि इतके बदल एकत्र आल्याने स्वमग्न मूल आणखी बिथरते. एक बदल करावा, तो दोन आठवडे तसाच ठेवावा, नोंदी चालू ठेवाव्यात. शंका असेल तर बदल मागे घेऊन पाहता येतो, पण मुलाला मुद्दाम त्रासात लोटून परीक्षा घेणे मला पटत नाही आणि मी ते कधी केले नाही.

मूल बोलत असेल, चित्रे दाखवत असेल किंवा टॅबलेटवरून सांगत असेल, तर शांत वेळी त्यालाच विचारावे. ‘तुला का राग आला?’ हा प्रश्न अवघड असतो. ‘आवाज, उजेड की कपडे?’ असे विचारून तीन चित्रे पुढे ठेवली तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. सर्वच निमित्ते दूर करता येत नाहीत, हेही लवकर मान्य केलेले बरे. धाकट्या बहिणीची शिंक थांबवता येत नाही. तिथे कानावर लावायचे इअर डिफेंडर आणि उठून जाण्यासाठी ठरलेली एक जागा एवढेच करता येते.

९. एक पान तयार करून इतरांना द्या

वही कोणीही वाचणार नाही. शिक्षक, आजी-आजोबा आणि दवाखान्यातले लोक यांच्यासाठी एकच पान करावे. त्यात चार गोष्टी असाव्यात : मुलाला नक्की त्रास देणारी निमित्ते, त्रास सुरू होण्याआधी दिसणारी चिन्हे (आमच्या मुलाच्या बाबतीत उजव्या कानाची पाळी चोळणे), तेव्हा काय करावे, आणि काय अजिबात करू नये. पानावर तारीख घालावी, कारण निमित्ते बदलतात. दर तीन महिन्यांनी ते मुलासोबत बसून वाचावे, जे उरले नसेल ते त्याच्या हाताने खोडू द्यावे. आमच्या पानावरचा ‘आरशावरची वाफ’ हा मुद्दा त्याने गेल्या वर्षी स्वतः खोडला. आता तो त्या वाफेवर बोटाने आकडे काढतो, आणि ते पुसले तर मात्र गोंधळ होतो, म्हणून नव्या पानावर आम्ही लिहिले आहे : अंघोळीनंतर आरसा पुसू नये.